डाव्या बाजूचा आरसा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



वर्धापनदिनी बोलायला उभे राहण्याची ही माझी पहिलीच वेळ. आजवर या जागेवरून संतवाङ्मयावर भाषणे झाली, बालसंगोपनावर झाली, गेल्या वर्षी डॉक्टरीणबाई मधुमेहावर किती छान बोलल्या! त्यामुळे चिटणीसबाई जेव्हा मला म्हणाल्या, "यंदा तुम्ही आपल्या गाडीच्या आरशावर बोला," तेव्हा मला वाटले, या माझी थट्टा करताहेत. पण त्या गंभीर होत्या. म्हणाल्या, "आरसा आपण दुरुस्त केला हे सर्वांना ठाऊक आहे. तो का दुरुस्त करावा लागला हे निम्म्याजणींना ठाऊक नाही. ते सांगा." म्हणून उभी आहे. काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

बायकांची आणि आरशाची ओळख जुनी. परंतु घरातल्या आरशात आपण आपलेच तोंड पाहतो; गाडीच्या आरशात पाहायचे ते दुसऱ्याचे. मागून कोण येते आहे, आपल्या अंगावरून कोण पुढे जाते आहे, आपल्यामुळे कोणाला धक्का तर लागणार नाही ना, हे दाखवणारा तो आरसा. तो मिटलेला असला तर काय होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आपली गाडी आपण २०२३ च्या पाडव्याला घेतली. आंबापोळी, फणसपोळी, कोकम, कुळथाचे पीठ यांच्या विक्रीतून साठवलेले पैसे आणि प्रत्येकीने दिलेला हातभार यांतून ती आली. नवी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून नऊ वर्षे वापरलेली व्हॅन मुंबईहून आणली. आणली त्या दिवशी सगळी आळी पाहायला जमली होती. वहिनींनी बटण दाबले आणि गाडीचे दोन्ही आरसे घूं करीत अंगाशी मिटले. मागच्या आळीतल्या काकू म्हणाल्या, "अगो, ही तर नव्या सुनेसारखी खाली मान घालते!" त्या दिवसापासून गाडीचे नाव 'सूनबाई' पडले ते पडलेच.

आरसे मिटण्याची ही सोय आपल्याला चैनीची नाही, गरजेची आहे. आपल्या आळ्या तुम्हाला ठाऊक आहेत. दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. गाडीच्या दोन्ही अंगांना हे आरसे वीतभर बाहेर येतात. शाळेपाशी जिथे गडगा पुढे आला आहे, तिथे आरसे मिटल्यावाचून सूनबाई पुढे सरकतच नाही. म्हणजे दर खेपेला दोनदा मिटायचे आणि दोनदा उघडायचे. असे रोज घडत असता काहीतरी बिघडायचेच.

ते बिघडले २०२४ च्या गणपतीनंतर. पावसाची शेवटची सर चालू होती. एके सकाळी डावा आरसा मिटला तो उघडेचना. उजवा नीट उघडे. डाव्यातून हूं नाही की चूं नाही. वहिनी खाली उतरल्या, हाताने जोर लावून त्यांनी तो उघडला. उघडला खरा, पण घट्ट बसला नाही. सैल दात हलावा तसा तो हाले. खड्ड्यात गाडी आदळली की पुन्हा मिटे. मग थांबायचे, उतरायचे, हाताने उघडायचे. आठ दिवस आमचे हेच चालले होते. गॅरेजमध्ये नेऊ, नेऊ म्हणत होतो, पण बाजाराचे दिवस, मालाची घाई, कोणाला सवड?

आता पुढची गोष्ट. बाजाराचा दिवस होता, मी वहिनींच्या शेजारी पुढे डावीकडे बसले होते. मागे पोळ्यांचे डबे. शाळेच्या वळणाअगोदर गाडी खड्ड्यात आदळली आणि आरसा मिटला. वहिनी म्हणाल्या, "थांबते, उघडून घ्या." आणि मी म्हणाले, हे शब्द माझेच आहेत, दुसऱ्या कोणाचे नाहीत: "राहू दे ग, आता बाजारातच उघडू. उशीर झालाय." वहिनींनी गाडी डावीकडे वळवली. त्याच वेळी डाव्या बाजूने एक मुलगी सायकलवरून येत होती. वहिनींना ती दिसणे शक्यच नव्हते. मला दिसली असती, पण मी मांडीवरच्या वहीत डब्यांचा हिशोब पाहत होते.

मुलीने सायकल गडग्यावर घातली म्हणून ती वाचली. गुडघा फुटला, कोपर सोलवटले, दप्तर गटारात पडले. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. भगिनींनो, हातभर. मी तिला उचलून घेतले तेव्हा ती रडत नव्हती, ती थरथरत होती. आणि मीही.

ती मुलगी आज या सभागृहात बसली आहे. तिचे नाव मी घेणार नाही. तिच्या आईने त्या दिवशी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि ते मला अधिक लागले.

त्यानंतर कार्यकारिणीची सभा झाली. काहीजणींचे म्हणणे पडले, गाडी विकून टाकावी. जुने ते दुखणे. काहीजणी म्हणाल्या, वहिनींनी चालवणेच सोडावे. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. तेव्हा मला उठून सांगावे लागले की, वहिनी थांबत होत्या, मी थांबू दिले नाही. दोष चालवणारीचा नाही आणि गाडीचाही पुरता नाही. आरसा मोडला हा गाडीचा दोष. मोडलेल्या आरशाने आठ दिवस गाडी हाकली हा आमचा.

गाडी गॅरेजमध्ये नेली. मेस्त्रींनी पाहून सांगितले, "आतले सुटे मिळत नाही, अख्खा आरसाच बदलावा लागेल. १४,००० रुपये." मेस्त्री लबाड होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या हाती वेळ थोडा, आणि अख्खा भाग बदलणे त्यांना सोयीचे. पण आमच्या खजिनदारबाईंचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता!

आपल्या शेजारी जे निवृत्त वायरमन काका राहतात, त्यांच्याकडे मी गेले. त्यांची दृष्टी आता अधू झाली आहे, हात कापतो. ते म्हणाले, "माझ्याने होणार नाही. पण तुम्हा बायकांना मी सांगतो, तुम्ही करा. शिवणयंत्र उघडता ना? मग हेही उघडाल." आणि खरोखरच, वहिनी, मी आणि आमच्या शिवणवर्गाच्या बाई, अशा तिघी दोन दिवस अंगणात बसलो.

काकांनी पहिल्यांदा हत्याराला हात लावू दिला नाही. आधी हे यंत्र कसे चालते ते समजावले. ते मी तुम्हाला सांगते, कारण त्यात अवघड असे काही नाही.

आरशाचे डोके एका पोकळ खुंटीवर फिरते. खुंटी दाराला पक्की. डोक्याच्या आत १२ व्होल्टवर चालणारी, बोटाच्या पेराएवढी मोटर असते. ती फार वेगाने फिरते पण तिच्यात ताकद नसते. म्हणून तिच्या टोकाला मळसूत्राचा दांडा, त्याला लागून एक दातेरी चाक, त्याला लागून दुसरे, अशी रचना असते. वेग कमी होत जातो आणि ताकद वाढत जाते. रहाटाने घागर वर येते तसेच हे. मळसूत्राचा गुण असा की, मोटर चाकाला फिरवू शकते पण चाक मोटरला उलटे फिरवू शकत नाही. म्हणून वाऱ्याने आरसा मिटत नाही.

मग कोणी धक्का मारला तर? तर दाते तुटतील. म्हणून खुंटीवर एक दणकट स्प्रिंग आणि खाचा असतात. जोराचा धक्का लागला की खाच सुटते, डोके फिरते, दाते वाचतात. शिवणयंत्रावर बॉबिन भरताना आपण मोठे चाक सैल करतो. यंत्र धावते पण सुई हलत नाही. तसेच हे. परंतु खाच एकदा सुटली की ती पुन्हा बसवावी लागते, नाहीतर मोटर फिरत राहते आणि आरसा मात्र कट्‌ कट्‌ आवाज करीत जागीच डुलत राहतो.

आणि मिटणे-उघडणे कसे होते? मोटरला दोनच तारा. मिटताना वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, उघडताना उलट. म्हणजे दोन्हींपैकी एकही तार तुटली तर मिटणेही बंद आणि उघडणेही बंद. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

काकांची खरी शिकवण पुढची. ते म्हणाले, "आधी कान लावा. वैद्य नाडी पाहतो तशी आरशाची नाडी म्हणजे त्याचा आवाज." मी ते वहीत असे लिहून घेतले:

दोन्ही आरसे एकदम बंद पडले, तर दोघांना सामाईक असेल तिथे पाहावे: आधी फ्यूज, मग बटण, मग काही गाड्यांत जी नियंत्रणाची पेटी असते ती. दोन मोटरी एकाच दिवशी मरत नाहीत.

एकच बंद पडला आणि आवाजही नाही, तर त्या बाजूची तार, जोड किंवा मोटर.

एकच बंद पडला आणि आवाज मात्र येतो, तर वीज पोहोचते आहे. दोष दातेरी चाकांत किंवा सुटलेल्या खाचेत.

फिरतो पण कण्हत-कुंथत, तर आतले ग्रीस वाळले आहे किंवा माती शिरली आहे.

साधी चार वाक्ये आहेत, पण यांनी १४,००० रुपये वाचले.

आमचा आरसा दुसऱ्या प्रकारातला. एकच, आणि मुका. उजवा चालत होता, म्हणजे फ्यूज शाबूत. बटण मात्र दोघांचे एकच असले तरी डावीकडे जाणारी वाट वेगळी. म्हणून वाट तपासायची ठरली. दाराच्या आत, आरशाच्या मुळाशी एक त्रिकोणी झाकण असते. ते खिट्ट्यांवर बसवलेले असते. आधी काकांनी बॅटरीची ऋण तार काढायला लावली. दारात आणि आसपास अपघाती फुग्याच्या, म्हणजे एअरबॅगच्या, तारा असू शकतात. त्यांच्याशी खेळ नाही. मग झाकण काढले. त्यामागे तीन बोल्ट आणि तारांचा एक जोड दिसला. दाराच्या पोकळीत बोल्ट पडला तर तो शोधता शोधता दिवस जातो, म्हणून पोकळीत आम्ही जुने फडके कोंबले. ही युक्ती कोणी शिकवली नाही हो, मोरीत भांडी घासताना आपण चमचा वाहून जाऊ नये म्हणून जे करतो तेच केले.

जोड सोडवला, बॅटरी पुन्हा जोडली, आणि टेस्ट लॅम्प घेतला. हा साधा १२ व्होल्टचा दिवा, दोन तारा लावलेला. एक टोक गाडीच्या उघड्या लोखंडाला, दुसरे जोडातल्या तारेला. वहिनींनी मिटण्याचे बटण दाबले, पहिल्या तारेवर दिवा लागला. उघडण्याचे दाबले, दुसऱ्या तारेवर लागायला हवा होता. लागला नाही. पुन्हा दाबले. नाहीच. म्हणजे मोटर निर्दोष असू शकते. एक तार वाटेत कुठेतरी तुटली आहे. दिवा तसाच धरून ठेवून काका म्हणाले, "आता दार हळूहळू मिटा आणि उघडा." दार अर्ध्यावर आले आणि दिवा क्षणभर पेटून विझला. काकांना दिसले नसावे, पण आम्ही तिघी एकदम ओरडलो, त्यावरून त्यांना कळले. म्हणाले, "सापडला चोर. बिजागरीपाशी आहे."

दार आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये पेटीच्या भात्यासारखी एक रबराची नळी असते. दारातल्या साऱ्या तारा त्या नळीतून जातात. दार दिवसातून वीस वेळा उघडले, तर तारा वीस वेळा वाकतात. पुढचे डावे दार आपल्याच बायका चढायला-उतरायला वापरतात. वर्षानुवर्षे वाकून एक तार आतल्या आत तुटली होती. वरचे प्लॅस्टिक थोडे चिरले होते, तिथून पाणी शिरून तांब्याला हिरवा रंग चढला होता. आपल्या कोकणच्या पावसात न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर येतो ना, तसाच.

तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. वाकणाऱ्या जागी तो चार महिने टिकत नाही. आम्ही बॅटरी पुन्हा सोडवली, काळी-हिरवी पडलेली तार चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापून टाकली, मध्ये बारीक धाग्यांची नवी लवचिक तार घातली, दोन्ही जोडांना डाख दिला आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. नळी मात्र डाख देण्याआधीच तारेत ओवून ठेवायची असते. पहिल्या जोडाला आम्ही विसरलो आणि तो पुन्हा कापावा लागला. जोड वाकणाऱ्या जागी येऊ नये म्हणून तो दाराच्या आत सरकवला.

आणि बटण दाबले. घूं आवाज आला! आठ-दहा दिवसांनी सूनबाईने तोंड उघडले. पण आरसा हलेना. नुसते कट्‌ कट्‌ कट्‌.

क्षणभर आमचा धीर सुटला. काका मात्र हसले. म्हणाले, "पहिला दोष गाडीचा होता, हा दुसरा तुमचा." आठ दिवस आम्ही हाताने आरसा उघडत होतो, त्यामुळे खाच सुटून बसली होती. उपाय औषधापेक्षा साधा निघाला. मिटण्याचे बटण दाबायचे, आणि मोटर फिरत असताना डोक्याला हाताने अगदी हलका आधार द्यायचा. जोर नाही, आधार. तिसऱ्या वेळी खाडकन आवाज झाला, खाच बसली, आणि आरसा मिटला. मग उघडला. मग मिटला. शिवणवर्गाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

तरी तो कण्हत होता. तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही तो उघडला. काच काढायची म्हणजे तिची आतली कड दाबायची आणि बाहेरची कड हळूच उचलायची. पेचकस वापरू नये, काच जाते. मी लाकडी कलथ्याला जुन्या लुगड्याचे फडके गुंडाळले. हातांत मोजे, डोळ्यांवर चष्मा. एवढे करूनही घाई केली आणि काच कोपऱ्यात तडकली! ती ८५० रुपयांना नवी आणावी लागली. थंडीच्या दिवसांत किंवा जुन्या गाडीत खिट्ट्या कडक झालेल्या असतात. काचेवर कोमट पाण्याचे फडके थोडा वेळ ठेवून मग काढली असती तर बरे झाले असते, हे नंतर सुचले. तुम्हाला आधीच सुचावे म्हणून सांगते.

आत लाल माती आणि मेणासारखे वाळलेले ग्रीस. ते कापडाने आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने पुसून काढले. पेट्रोल-रॉकेलने धुऊ नये, प्लॅस्टिकची चाके बिघडतात. खोबरेल तर मुळीच नको. थंडीत थिजते आणि धूळ धरते. प्लॅस्टिकला चालेल असे सिलिकॉनचे ग्रीस मिळते, ते बोटभर पुरले. चाकाचे दाते मोजून पाहिले, सगळे शाबूत होते. दाते झिजले असते तर मात्र चाक किंवा मोटरची पेटी बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. सारे जसे काढले तसे उलट क्रमाने बसवले. काढताना प्रत्येक टप्प्याचे फोनवर छायाचित्र घेतले होते, त्याचा फार उपयोग झाला.

हिशोब सांगते, खजिनदारबाई वाट पाहताहेत. तार, नळी आणि डाख १८० रुपये, ग्रीस १२० रुपये, काच ८५० रुपये. एकूण १,१५० रुपये. त्यातले ८५० माझ्या घाईचे. ते मी माझ्या खिशातून भरले आहेत.

भगिनींनो, आपल्याला वाटते, मोटारगाडी म्हणजे पुरुषांचा प्रांत. पण इतिहास तसे सांगत नाही. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या जर्मन गृहिणीने, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटारगाडी काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरी गेली. सुमारे १०० किलोमीटरची वाट. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेच्या तारेचे वेष्टण झिजले, तिथे तिने आपल्या मोज्याचा पट्टा गुंडाळला. आम्ही अंगणात तारेला नळी चढवत होतो तेव्हा मला तिचीच आठवण झाली. माहेरची ओढ काय करवून घेईल सांगता येत नाही!

आरशाचेही तसेच. १९०९ साली लंडनमध्ये डोरोथी लेव्हिट या मोटारचालक बाईंनी स्त्रियांसाठी मोटारीवर एक पुस्तक लिहिले. गाडी चालवताना एक छोटा हात-आरसा जवळ ठेवावा आणि मधूनमधून तो वर धरून मागची रहदारी पाहावी, असा सल्ला त्यांनी त्यात दिला. गाड्यांवर आरसा बसवण्याची सर्रास पद्धत पडण्यापूर्वीची ही गोष्ट. आणि विजेवर मिटणारे आरसे आले ते जपानमधून; १९८४ साली निस्सानच्या लॉरेल गाडीवर ते बसवले गेले. तिथल्याही गल्ल्या आपल्यासारख्याच अरुंद. म्हणजे आपली आळी आणि तोक्योची गल्ली यांची अडचण एकच.

आता ज्या भगिनी घरी जुनी गाडी घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी. गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन आणि टायर पुरुषमंडळी पाहतीलच, तुम्ही आरसे पाहा. एक नव्हे, तीन वेळा मिटा आणि उघडा. दोन्ही एकदमच थांबतात की एक मागे राहतो, हे बघा. दार अर्धे उघडे ठेवूनही बटण दाबून पाहा. हाताने आरसा हलवून पाहा, सैल नसावा. खालच्या बाजूला खरचटल्याच्या खुणा असतील तर त्याने मार खाल्लेला आहे असे समजा आणि किंमत कमी करून घ्या. जुन्या बाजारातून अख्खा आरसा आणणार असाल, तर डावा-उजवा नीट पाहा आणि जोडातल्या तारांची संख्या मोजून न्या. मिटण्याच्या तारा वेगळ्या, काच फिरवण्याच्या वेगळ्या, काहींत काच तापवण्याच्या आणि दिव्याच्या आणखी वेगळ्या. वरून सारखा दिसणारा आरसा आतून सारखा असेलच असे नाही, माणसांचेही तसेच.

काय करू नये, तेही सांगते. फ्यूज उडाला तर त्याहून मोठा फ्यूज घालू नये किंवा चांदीचा कागद गुंडाळू नये; आग लागायची ती तशीच लागते. मोटर फिरत असता आरसा हाताने ओढू नये. सैल आरसा दोरीने बांधून महिनोन्‌महिने फिरू नये. आणि एअरबॅगचा दिवा लागला किंवा नियंत्रणाच्या पेटीत दोष वाटला, तर मुकाट्याने जाणत्या मेस्त्रीकडे जावे. आपल्याला काय येते हे कळण्याइतकेच आपल्याला काय येत नाही हे कळणेही महत्त्वाचे.

या साऱ्यापेक्षा मोठी गोष्ट एकच. मागचे दिसण्यासाठी गाडीला आरसा असलाच पाहिजे असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. पण आपल्याला नियमाची कशाला गरज? आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, चालवणारी उजवीकडे बसते. सायकलवाली पोरे, शाळेची मुले, डोक्यावर हारा घेतलेली मावशी, ही सारी डाव्या कडेने जातात. म्हणजे जी माणसे सर्वांत दुबळी, ती नेमकी चालवणारीपासून सर्वांत दूर. त्यांच्यासाठी तो एकच डोळा. तो मिटलेला असता गाडी हाकणे म्हणजे आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचे मूल डावाला लावणे. मी ते केले. देवाच्या कृपेने निभावले. देव दर वेळी मोकळा असतोच असे नाही.

म्हणून आपल्या मंडळाने त्या सभेत एक ठराव केला आणि तो गाडीत चिकटवला आहे. शाळेच्या गडग्याजवळची अडचण ओलांडली की गाडी थांबते. दोन्ही आरसे उघडल्याचे शेजारी बसलेली बाई मोठ्याने सांगते. मगच गाडी पुढे जाते. आरसा बिघडला तर गाडी त्याच दिवशी उभी राहते, मग आंबापोळीचे डबे राहिले तरी चालतील. गेल्या पावसाळ्यात असे एकदा झाले. डबे राहिले. कोणी कुरकुरले नाही.

शेवटी त्या मुलीची गोष्ट सांगते आणि थांबते. आम्ही अंगणात आरसा उघडून बसलो होतो, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी येऊन उभी राहिली. गुडघ्याला पट्टी होती. मला वाटले, सायकलच्या नुकसानीचे काही म्हणायला आली असेल. ती म्हणाली, "काकू, मी दिवा धरू?" आणि संध्याकाळपर्यंत ती दिवा धरून बसली. नवी काच बसवल्यावर आरशात पहिल्यांदा तिनेच पाहिले. मी विचारले, "काय दिसते ग?" ती म्हणाली, "शाळेपर्यंतचा रस्ता दिसतो."

त्या पोरीने आम्हाला केव्हाच क्षमा केली होती. आपण मात्र विसरू नये, एवढीच आज आपणा सर्वांना विनंती.  बाहेर सूनबाई उभी आहे. जाताना ज्यांना बटण दाबून पाहायचे असेल त्यांनी अवश्य पाहावे. हाताने मात्र कोणी ओढू नका.